चेहरा नसलेला नंबर

मंगळवार, ४ तारीख

तुला आठवत नसणारच, म्हणून आधी सांगून टाकते: मी तुझी आई. दर रविवारी तू जिला फोन करतेस आणि मागच्या रविवारी विचारलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारतेस, ती. गुडघ्यात सुई कधी टोचून घेतली हे तू मला तीन वेळा विचारलंस. मी तिन्ही वेळा वेगळा वार सांगितला आणि तिन्ही वेळा तू म्हणालीस, "हो का, बरं झालं." म्हणून आता नवी वही. भरली की कुणाच्या तरी हाती पाठवीन. विसरलीस तर पान उलटून बघ, मला छळू नकोस.

लिहून घेतायत त्या वरच्या मजल्यावरच्या टायपिस्टबाई. एका कचेरीत तीस वर्षं त्यांनी साहेबांची पत्रं टाइप केली. मी बोलते ते त्या धुऊन, पिळून, इस्त्री करून कागदावर घालतात. कधी कधी इस्त्री जरा जास्तच होते. मी "मेला" म्हटलं की त्या "सदर इसम" लिहितात.

भिंगरी बरी आहे. तुझी मुलगी म्हणजे खरंच भिंगरी, दोन पायांवर सलग पाच मिनिटं उभी राहिली तर मी डॉक्टरला बोलवीन. तिला माझ्याकडे येऊन आठ महिने झाले. कॉलेजात इमारतींचे नकाशे काढायला शिकते आणि घरात चहाचा कप कुठे ठेवला ते तिला सापडत नाही.

आपलं गुपित अजून शाबूत आहे. मला अक्षर ओळखू येत नाही हे तिला कळलेलं नाही. सकाळी मी पेपर घेऊन बसते, अंदाजाने पान उलटते, मधून "च्च च्च" करते. काही वाचायला पुढे केलं की माझ्या चष्म्याची काच तडकलेली असते. आठ महिने तडकलेलीच आहे. आणि माझं नशीब असं, की पोरीला मनात वाचताच येत नाही. नाश्त्याला बसली की पेपर मोठ्याने वाचते, विजेचं बिल मोठ्याने वाचते, औषधाच्या बाटलीवरचं सुद्धा. एवढी फी घेऊन कॉलेजात हे शिकवतात!

शुक्रवार, ७ तारीख

पुढच्या शनिवारी मोठ्या मैदानावर गाण्याचा कार्यक्रम आहे. भिंगरीला जायचंय, मैत्रिणीबरोबर. ही मैत्रीण म्हणजे शिडी. तिला दारातून आत येताना वाकावं लागतं, आणि आत आली की माझ्या माळ्यावरचे डबे काढून देते, म्हणून मला ती आवडते. कमी बोलते. भिंगरीची बडबड ऐकायला कुणीतरी कमी बोलणारं हवंच.

"आजी, दहाला संपतो. अकराला घरी."

"अकरा म्हणजे तुझे अकरा की घड्याळाचे?"

"घड्याळाचे. तुझ्या घड्याळाचे, ते दहा मिनिटं पुढे असतं ते."

मी म्हटलं, आईला विचार. तिचं तोंड एवढंसं झालं. तू काय म्हणशील ते आम्हा दोघींना ठाऊक होतं. वसतिगृहाचा फॉर्म भरून तुझ्या कपाटात आहे, हे तू तिला इथे सोडलंस त्याच दिवशी सांगितलं होतंस. "आई, तुझ्याच्याने झालं नाही असं एकदा जरी दिसलं तरी मी तिला तिकडे टाकणार." ते वाक्य मी विसरलेले नाही. माझं विसरणं तू घेऊन गेलीस ना.

रविवार, ९ तारीख

फोनवर तू नाही म्हणालीस. मग अर्धा तास मला दम दिलास, की अनोळखी नंबर उचलायचा नाही, म्हाताऱ्यांना लुबाडणारे फिरतायत, बँकेतून बोलतोय म्हणतात. "आई, चेहरा दिसला तर उचल. चेहरा नसेल तर वाजू दे." बरं बाई. भिंगरीने माझ्या फोनमध्ये सगळ्यांचे फोटो घातलेत. तू, ती, डॉक्टर, दूधवाला, टायपिस्टबाई. मी चेहरा बघते आणि बोट लावते. तिला फोटोंचा फारच नाद आहे.

आणखी एक नाद सांगते. मी धुलाईच्या कारखान्यात होते तेव्हा प्रत्येक घराच्या कपड्यांना वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची गाठ मारायचे, हे तू जाणतेस. चौतीस वर्षांत एक पलंगपोस इकडचा तिकडे गेला नाही. मी ते तिला एकदा गप्पांत सांगितलं. तेव्हापासून तीही घरभर दोरे बांधत सुटलीय. मिठाला पांढरा, घराच्या कागदांच्या फाईलला हिरवा, तिच्या स्वतःच्या फाईलला लाल. तरुण पोरांत काय फॅशन येईल सांगता येत नाही.

तू नाही म्हणालीस, आणि मी तिला हो म्हटलं. हे लिहा बाई, लिहा, थांबू नका.

बुधवार, १२ तारीख

आज सकाळी टायपिस्टबाई खाली आल्या त्या हातात एक पिशवी घेऊन. मला वाटलं वहीसाठी शाई आणली असेल. पिशवीतून निघालं लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक, एकेक अक्षर माझ्या तळहाताएवढं, आणि त्याबरोबर

रविवार, १६ तारीख

वरचं वाक्य अर्धं का राहिलं ते आता सांगते. पाटी होती. त्याबरोबर पाटी होती. बाई म्हणाल्या, "रोज पंधरा मिनिटं. मी आहे ना." प्रेमाने म्हणाल्या, हे आज कळतं. त्या दिवशी मला आग लागली. या वयात मला पाटी! मी म्हटलं, "तुम्ही तीस वर्षं जगाची पत्रं लिहिलीत, पण तुमच्या पेटीत एक तरी पत्र आलं का?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. वही माझ्या मांडीवर ठेवली आणि जिना चढून गेल्या. तीन दिवस वरून नुसता त्यांच्या चपलांचा आवाज यायचा.

आता शनिवार.

संध्याकाळी दोघी गेल्या. भिंगरीने डोळ्याखाली चमचम लावली होती. शिडीने लावली नव्हती, तिला चमचम लावून कोण बघणार एवढ्या वर. भिंगरीने जाताना माझा फोन तपासला, चार्जिंगला लावला, स्वतःच्या फोटोवर माझं बोट टेकवून एकदा वाजवून बघितला. "काही लागलं तर हे दाब. बास." मी म्हटलं, मी काय कुक्कुलं बाळ आहे का.

दहा वाजेपर्यंत मी ठीक होते. इस्त्री केली. झालेल्या इस्त्रीवर पुन्हा इस्त्री केली. सव्वा दहाला फोन वाजला. चेहरा नव्हता. नुसता राखाडी गोल, त्यात माणसाचा आकार, नाक ना डोळे. मी वाजू दिला. पुन्हा वाजला, पुन्हा वाजू दिला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी त्याला म्हटलं, "मेल्या, माझ्या बँकेत काही नाही." तुझं ऐकल्याचा मला अभिमान वाटला. नोंद करून ठेव, असं क्वचित होतं.

मग वाजणं थांबलं आणि टिंग झालं. टिंग म्हणजे कुणीतरी लिहिलं. मी उघडून बघितलं. मुंग्यांची रांग. पुन्हा टिंग, पुन्हा रांग. ही रांग लांब होती, मध्येच ते वाकडं चिन्ह होतं, प्रश्न विचारल्यावर येतं ते. एवढं मला कळतं.

अकरा वाजले. माझे अकरा. मी भिंगरीच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. एक बाई म्हणाली, हा फोन बंद आहे. पुन्हा ठेवलं. तीच बाई, तोच सूर.

आता पुढचं नीट ऐक. हे मला सांगायला जड जातंय आणि बाईंना लिहायलाही. मला तेव्हाच कळलं होतं. त्या राखाडी गोलाच्या मागे भिंगरीचं काहीतरी आहे, हे अकराच्या ठोक्याला माझ्या पोटाला कळलं. वर दिवा होता. बाई जाग्या होत्या. चौदा पायऱ्या. आणि मी गेले नाही.

मी स्वतःची समजूत घालत राहिले. उशीर होतोय एवढंच लिहिलं असेल. बस मिळत नसेल. मजेत असतील. बाईंकडे गेले तर त्या म्हणतील, बघितलंत, पंधरा मिनिटं दिली असतीत तर? मी दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. खुर्चीत बसायचे, उठायचे. खिडकीतून खाली बघायचे, कुणीतरी उंच येतंय का. एक टॅक्सी थांबली, त्यातून एक लठ्ठ माणूस उतरला, त्याच्यावरसुद्धा चिडले. फोन हातात घेऊन त्या मुंग्यांकडे बघत बसले, जणू जास्त बघितलं तर त्या बोलतील. टिंग. टिंग. प्रत्येक वेळी उघडायचे. पाच झाले.

सहावा आला तो एवढासा होता. दोन शब्द आणि चिन्ह. लांब लिहिणारा माणूस दोन शब्दांवर येतो तेव्हा त्याचा धीर संपलेला असतो. घड्याळात पाऊण वाजला होता. मी अनवाणी वर गेले.

बाईंनी दार उघडलं. केस मोकळे, अंगावर शाल. मी फोन पुढे केला. त्यांनी चष्मा लावला आणि तिथेच उंबऱ्यात उभ्या राहून मोठ्याने वाचलं.

"आजी, मी बोलतेय, उंचवाली. गर्दीत रेटारेटी झाली, ती पडली, मनगट मोडलंय, तिचा फोनही फुटलाय. पुलाजवळच्या हॉस्पिटलात आहोत."

"आजी, डॉक्टर विचारतायत तिला दुखण्याचं कुठलं औषध चालत नाही? लहानपणी त्रास झाला होता म्हणते, नाव आठवत नाही. फाईलमध्ये लिहिलंय म्हणते."

"नाव कळेपर्यंत ते काही देणार नाहीत. लवकर कळवा ना."

"आजी, तिला फार दुखतंय."

"आजी, तुम्ही वाचलंय असं दिसतंय. रागावलात का?"

आणि शेवटचा, दोन शब्दांचा. "आजी, प्लीज?"

बाईंचा आवाज शेवटी गेला. माझे पाय मात्र चालले. सात फायली आहेत कपाटात, सगळ्या एकसारख्या तपकिरी. पण तिच्या फॅशनचा लाल दोरा होता ना, पहिल्या झटक्यात हातात आली. बघ, कधी कधी खुळसुद्धा उपयोगी पडतं. बाईंनी चार पानं उलटली, बोट एका ओळीवर ठेवलं, त्या राखाडी गोलाला फोन लावला आणि कचेरीतल्या आवाजात औषधाचं नाव सांगितलं, अक्षर सोडवून, दोनदा. मग टॅक्सी बोलावली.

हॉस्पिटलात भिंगरी बाकावर भिंतीला टेकून बसली होती. मनगट मोडक्या फांदीसारखं वाकलेलं. खालचा ओठ चावून चावून सुजलेला. सिस्टर म्हणाली, "आत्ताच सुई दिलीय, आता थांबेल. अडीच तास एक हूं नाही केलं पोरीने."

अडीच तास. त्यातला पहिला थोडा त्या गर्दीचा धर. तुझ्या नियमाचाही थोडा धर. उरलेले पावणेदोन तास माझे आहेत.

भिंगरीने मला बघितलं आणि पहिलं काय म्हणाली? शिडीकडे वळून म्हणाली, "मी तुला सांगितलं होतं ना, लिहू नकोस, फोन कर!" शिडी म्हणाली, "तीन वेळा केला." मग भिंगरीने डोळे मिटले. औषधाची गुंगी असेल. शिवाय तिला लिहिण्याचा कंटाळाच आहे.

पहाटे घरी आलो. आणि आज सकाळी तू फोन केलास तेव्हा मी सांगितलं, जिन्यावर घसरली. तिने शेजारून मान हलवली. दोघींनी मिळून तुला फसवलं. आता ही वही तुझ्या हातात पडेल तेव्हा खरं कळेल.

टायपिस्टबाईंची मी माफी मागितली नव्हती, ती आता मागते. बाई, ते पेटीचं मी बोलले ते फार वाईट होतं. नाही, हे पण लिहा. तुमच्याच हाताने लिहायला लागतंय त्याला माझा इलाज नाही.

(बाई म्हणतात, लिहिलं. पुढे चला.)

मंगळवार, १८ तारीख

झोप नाही. आडवी झाले की ते बाक दिसतं. पोरगी मात्र मजेत आहे. प्लॅस्टरवर शिडीने एक जिराफ काढलाय. नकाशे द्यायची तारीख जवळ आली, तर भिंगरी पलंगावर बसून सांगते आणि शिडी जमिनीवर पालथी पडून रेघा ओढते. "डावीकडे. अगं, माझं डावं." घरात शांतता म्हणून नाही.

काल शिडीने चहाचा कप खाली ठेवला आणि मला सरळ विचारलं. ती वाईट नाही, पण सरळ आहे.

"आजी, एक विचारू? तुम्ही मेसेज उघडले होते. खुणा निळ्या झाल्या होत्या. मग उत्तर का नाही दिलंत?"

मेलं ते यंत्र चुगली करतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी कप उचलून तोंडासमोर धरला. तेवढ्यात भिंगरी पलंगावरून म्हणाली, "अगं, तिच्या चष्म्याची काच तडकलीय. काही दिसतं का त्या बारीक अक्षरांत! मीच आळशी, दुकानात टाकला नाही. चूक माझी आहे."

शिडी म्हणाली, "ओह. सॉरी आजी."

भिंगरीने विषय बदलला, कुणा गाणाऱ्याच्या पायमोज्यांबद्दल काहीतरी बोलत सुटली. वाचले मी. माझी थाप तिच्या डोक्यात इतकी पक्की बसलीय की माझ्याऐवजी तीच ती सांगते. आठ महिन्यांची मेहनत.

पण मग रात्रभर एकच गोष्ट डोक्यात घुमत राहिली. पोरीचं हाड मोडलं, दुखणं तिने भोगलं, आणि वर चूकही तीच अंगावर घेते? आणि मी घेऊ देते?

शनिवार, २२ तारीख

आज सांगितलं.

शिडी घरी नव्हती. मी भिंगरीचे केस विंचरत होते, एका हाताने तिला जमत नाही. तोंड दिसत नसलं की बोलायला सोपं जातं. म्हटलं, "तुला एक सांगायचंय. चष्मा धडधाकट आहे."

"हं."

"मला वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं. तुझ्या आईला माहीत आहे. तुझ्यापासून लपवलं. त्या रात्री मी पावणेदोन तास फोन हातात धरून बसले. वर जायची लाज वाटली म्हणून. तुला दुखत होतं आणि मला लाज वाटत होती."

फणी केसांत तशीच राहिली. मग ती सावकाश वळली, आणि काय सांगू तुला तिचा चेहरा! डोळे एवढे मोठे. तोंड उघडंच. मोकळा हात कपाळावर.

"काय सांगतेस आजी! तू? तुला वाचता येत नाही? अगं, मला स्वप्नातसुद्धा वाटलं नसतं!"

केवढा धक्का बसला बिचारीला. त्या धक्क्यानेच डोळ्यांत पाणी आलं तिच्या. "रोज पेपर वाचतेस की!" म्हणाली. मी म्हटलं, "उलटते." त्यावर ती हसायला लागली, मग मीही, मग तिचं हसणं थांबेना. माझ्या पोटाला एका हाताने मिठी मारून बसली. प्लॅस्टर बरगडीत रुतत होतं, मी हलले नाही.

मला वाटलं होतं, कळल्यावर ती माझ्याकडे निराळ्या नजरेने बघेल. बारकाईने बघितलं मी. नजर तीच होती, अगदी कालचीच. एवढी मोठी गोष्ट कळूनही पोरीत तसूभर फरक नाही. हे कुणावर गेलं कोण जाणे, तुझ्यावर तर नाही.

मग मी म्हटलं, "आईला सगळं लिहून पाठवतेय. तो फॉर्म कपाटातून निघेल."

ती म्हणाली, "निघू दे. मी सही करणार नाही. हातच मोडलाय."

बाई हे लिहिता लिहिता हसतायत. हसा. तर आता ही वही भरायच्या आधीच पाठवते आहे, उद्या शिडीचा मामा तुमच्या बाजूला येतोय त्याच्याबरोबर. तू म्हणाली होतीस, माझ्याच्याने झालं नाही असं एकदा जरी दिसलं तरी. ते एकदा दिसलं. मी लपवत नाही. तिला न्यायची असेल तर येऊन ने, मी दार अडवणार नाही. पण येशील तर आधी त्या बाकावर एकदा बसून बघ आणि मग पोरीला विचार, कुठे राहायचंय. तिचा आवाज तुझ्यापेक्षा मोठा आहे, ऐकू येईल.

आणि प्लॅस्टर निघेपर्यंत सहा आठवडे आहेत. तेव्हा खाऊ पाठवशील तो वसतिगृहाच्या पत्त्यावर नको, इकडे पाठव. दाणे सोललेले पाठव. अक्रोड फोडून. फळांच्या फोडी वाळवलेल्या, चिकट नकोत. बिस्किटांच्या डब्याचं झाकण सैल असू दे. जे दोन हातांनी खावं लागतं, ते काही म्हणजे काही पाठवू नकोस.